तीन टिंबांचा शाफ्ट

"गाडी चाळिसाला थरथरते," असं वहिनी म्हणाली तेव्हा मी लेथवर होतो, आणि मी "हो" म्हणालो.

त्या दिवसांत मी सगळ्यालाच हो म्हणत होतो. चहा टाकू का, हो. भात संपलाय, भाकरीच खाशील का, हो. वायरमन आलाय, उद्या ये म्हणून सांगू का, हो. दादा जाऊन चार महिने झाले होते आणि माझ्या तोंडात तेवढा एकच शब्द उरला होता. सोयीचा शब्द आहे. तो टाकला की समोरचा माणूस जातो आणि आपण परत आपल्या कामाला लागतो.

वहिनी गेली नाही. लेथ बंद होईपर्यंत दारात उभी राहिली.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. मी सातवीत होतो तेव्हा ती लग्न होऊन आमच्या घरी आली, खारबावजवळच्या आमच्या गावात. तेव्हापासून ती मला 'भावजी, तुम्ही' म्हणते आणि मी तिला 'वहिनी, तू'. दादा आणि मी भिवंडीत एका गाळ्यात लेथ चालवायचो, कापड विणणाऱ्या लूमचे झिजलेले शाफ्ट दुरुस्त करायचो. वहिनी घरी डबे बनवते. भाजी, भाकरी, भात, कालवण. चाळीसेक डबे होतात, ते माणकोलीच्या गोदामांत पोचवायचे. आधी ते दादा पोचवायचा, सकाळी आमच्या जुन्या व्हॅनमधून, आणि मग गाळ्यावर यायचा. तो गेल्यावर महिनाभर व्हॅन दारात उभी होती. मग एका सकाळी वहिनीनेच चावी घेतली. लायसन तिचं होतंच, दादानेच मागे लागून काढायला लावलं होतं. गावातल्या बायका तेव्हा हसल्या, आता त्यांच्याच सुना तिच्याकडे गाडी शिकायला येतात.

आता हा थरथरण्याचा प्रकार काय, ते सांगतो. व्हॅनचं इंजिन पुढे आणि ओढ मागच्या चाकांना. मधे गाडीच्या पोटाखालून एक लांब पाईप फिरतो, तो शाफ्ट. त्याच्या पुढच्या टोकाला वीतभर भरीव दांडा असतो आणि त्या दांड्यावर उभे दाते. ते दाते गिअरबॉक्समधे बसतात आणि इंजिनाची ताकद तिथून मागे जाते. दाते झिजले की शाफ्ट ढिला होतो, गाडी उचलताना धक्के देते, आणि एक दिवस जागेवर उभी राहते. चाळीस डबे घेऊन उभी राहिली तर गोदामातली माणसं उपाशी, आणि दुसऱ्या दिवसापासून दुसऱ्याचा डबा लावतात.

दादाने हा शाफ्ट दोनदा भरला होता. मरायच्या दोन दिवस आधी तिसऱ्यांदा.

भरणं म्हणजे आमच्या धंद्यातली भराई. लूमचा शाफ्ट बेअरिंगच्या जागी झिजतो. झिजला की तिथे वेल्डिंगचा थर द्यायचा, थंड होऊ द्यायचा, लेथवर चढवून परत मापाला आणायचा. भिवंडीत अर्धे लूम असल्या भरलेल्या शाफ्टवर चालले. दादाची पद्धत अशी, की भराई झाली की शाफ्टच्या तोंडावर पंच ठेवून हातोडीचा एक ठोका द्यायचा. एक टिंब. दुसऱ्या भराईला दुसरं टिंब, तिसऱ्या भराईला तिसरं. तीन टिंबांचा शाफ्ट परत झिजून आला तर हात लावायचा नाही, गिऱ्हाईक कितीही रडलं तरी. भराईवर भराई नीट धरत नाही. लोखंड आतून ठिसूळ होतं आणि मोडतं ते चालत्या लूमवर, कारागीर शेजारी उभा असताना. "तीन टिंबं, भंगार. बोलायचं काम न्हाय," असं तो म्हणायचा, आणि मग खरोखरच बोलायचा नाही. शेठ लोक चिडून निघून जायचे आणि आठवड्याने परत यायचे.

टिंबं मीही मारायचो. माझी लांब लांब पडायची. दादाची अगदी एकमेकांना खेटून, एका ओळीत. "तुझी टिंबं रांगोळीची," असं मला चिडवायचा.

तिसऱ्या भराईच्या वेळी त्याने आणखी एक उद्योग केला होता. मजबुतीसाठी म्हणून शाफ्टच्या पाईपवर दुसरा जाड पाईप चढवून वेल्ड केला. मी त्या शनिवारी बेअरिंग आणायला कल्याणला गेलो होतो. रविवारी आम्ही सगळे वज्रेश्वरीला गेलो, दादाला गरम पाण्याच्या कुंडात कंबर शेकायची होती. उभ्याने लेथ चालवून चालवून त्याची कंबर गेली होती. गाडी चाळिसावर गेली की सीटखाली थरथर सुरू व्हायची, दात वाजतील अशी. मी मागून ओरडलो, "नाकापेक्षा मोती जड केलास तू! बॅलन्स गेला सगळा." तो आरशातून माझ्याकडे बघत म्हणाला, "मोडण्यापेक्षा थरथरलेलं बरं." वहिनी पुढच्या सीटवर बसून बोरं खात होती. तिने त्याचीच बाजू घेतली, नेहमीप्रमाणे.

सोमवारी अकराच्या सुमाराला दादा गाळ्यात स्टुलावर बसला आणि छातीत जड वाटतंय म्हणाला. मी म्हणालो, "सोडा पी, रात्रीचं कालवण बाधलं असेल." सोडा आणायला मी कोपऱ्यावर गेलो. परत आलो तेव्हा तो भिंतीला टेकलेला होता आणि संपलेला होता. सोड्याची बाटली मी उघडून आणली होती. ती संध्याकाळपर्यंत माझ्या हातात होती म्हणतात, मला आठवत नाही.

मी रडलो नाही. घाटावर नाही, दहाव्याला नाही, तेराव्याला नाही. आलेली माणसं माझ्याकडे बघायची आणि मग एकमेकांकडे बघायची. मला सांगायला लाज नाही, मला काही वाटतच नव्हतं. गरम चहाने जीभ पोळली की नंतर चार दिवस चव लागत नाही, तसं. तिसऱ्या आठवड्यात मी गाळा उघडला आणि दादाचा स्टूल आतल्या बाजूला सरकवून कामाला लागलो.

तर वहिनी दारात उभी होती. मी लेथ बंद केला तशी ती आत आली आणि दादाच्या स्टुलावर बसली.

"दाते गेलेत बहुतेक," ती म्हणाली. "थरथर पहिल्यापासनं होती. आता धक्के पन देते."

"हो."

"दाते नवे पाडायचे तर पाडा. पाईप बदलायचा तर बदला. पन एक ऐका, भावजी. ज्याच्यावर त्यांची टिंबं हायत ना, तो तुकडा जाऊ देऊ नका. तो मना पायजे."

"हो."

"ते शेवटचं टिंब मारलं तेव्हा पाईपचं दुसरं टोक मी धरलं होतं. डबा घेऊन आलेली. तुम्ही नव्हता, म्हणून मनाच धरायला लावला. ठोका दिला तो पार कोपरापर्यंत कळला." तिने उजवा हात जरा वर करून दाखवला. "त्यांच्या हातचं आता तेवढंच चालतं हाय. ध्यानात ठेवा."

"हो," मी म्हणालो.

"तुकडा. टिंबांचा."

"हो म्हटलं ना, वहिनी!"

मी ऐकलं नव्हतं असं नाही. कान शाबूत होते. शब्द न् शब्द ऐकला, आणि तो माझ्यात कुठेच पडला नाही.

दुसऱ्या दिवसापासून डबे रिक्षाने गेले आणि व्हॅन माझ्या गाळ्यासमोर जॅकवर चढली. शाफ्ट खोलून मी टेबलावर घेतला. मागच्या बाजूचा क्रॉस म्हणजे जोडाचा चौफुला हाताने खुळखुळत होता, तो तर बदलायचाच होता. पण दाते बघितले आणि च्यायला म्हटलं. दादाची तिसरी भराई पापुद्र्यासारखी सुटत होती. नखाने एक कपची निघाली. खाली दुसरी भराई, तिच्याखाली पहिली, आणि त्यांच्यामधून केसाएवढी एक चीर दांड्याच्या बुडाकडे गेलेली. आणखी महिनाभर चालला असता, फार तर. चौथ्यांदा भरणं म्हणजे वहिनीला माणकोलीच्या पुलावर मधोमध उभं करणं.

माप घ्यायला मी दांडा पाईपपासून कापून वेगळा केला. मापं घेतली, पाटीवर खडूने लिहिली. मग दांडा फिरवून तोंडाकडे बघितलं. तीन टिंबं, खेटून, एका ओळीत. तीन टिंबं, भंगार, बोलायचं काम नाही. लेथशेजारी भंगाराचं पिंप असतं, त्यात मी तो टाकला. ठणकन आवाज आला, तो मी ऐकला, आणि ट्रकचा एक्सल शोधायला कोपऱ्यात गेलो.

कारण नवा दांडा करायचा तर लोखंड तसं पाहिजे. लूमच्या शाफ्टचं लोखंड मऊ, ते गाडीला चालत नाही, पिळलं जातं. पिळाला टिकतं ते ट्रकच्या जुन्या एक्सलचं. असला एक एक्सल दादाने सहा-सात वर्षांपूर्वी आणून कोपऱ्यात उभा केला होता, "कधीतरी लागंल" म्हणून. त्याच्या या 'कधीतरी लागंल'ने आमचा अर्धा गाळा भरलेला होता आणि त्यावरून आमची रोज वादावादी व्हायची. मी तो एक्सल काढला. त्याच्यामागे कोळ्याचं जाळं होतं आणि दादाची एक चप्पल होती. चप्पल मी परत तिथेच ठेवली.

एक्सलचा तुकडा लाल होईपर्यंत तापवला आणि चुन्याच्या डब्यात पुरला, की हळूहळू थंड होऊन कापण्याइतका मऊ पडावा. दुसऱ्या दिवशी लेथवर घेतला. पातळ पातळ घास घेत मापाला आणला. दाते पाडायचं मशीन आमच्याकडे नाही, शेजारच्या गल्लीत आहे. तिथे जाऊन त्या माणसाच्या डोक्यावर उभा राहिलो. तो म्हणाला, "तू जा रे, मी करतो." मी गेलो नाही. उगाच त्याच्यावर खेकसलो, दात्याचं माप तीनदा मोजायला लावलं. त्या बिचाऱ्याने तीनदा मोजलं. दादाच्या तिरडीला त्याने खांदा दिला होता, म्हणून सोसलं असावं.

मग पाणी दिलं. पाणी देणं म्हणतात, पण असल्या लोखंडाला देतात तेलात. दांडा लाल करून तेलात सोडला, धूर गाळाभर झाला. कडक झालेलं लोखंड तसंच ठेवलं तर काचेसारखं फुटतं, म्हणून परत थोडं तापवून त्याची कडकी उतरवायची, रंग बघून. पिवळा येतो, मग तपकिरी, मग जांभळट, आणि तिथे थांबायचं. हे मला दादाने शिकवलं. मी रंग बघत उभा होतो आणि बरोबर जागी थांबलो. हात सगळं करत होते. मी फक्त त्यांच्या मागे उभा होतो.

पाईप नवा घेतला, आधीच्यापेक्षा एक नंबर जाड, पण एकच. पाईपवर पाईप नाही. दोन्ही टोकं वेल्ड करून लेथवर फिरवला, वाकडा कुठे चालतो ते डायल लावून बघितलं, ठोकून सरळ केला. क्रॉस नवे टाकले. कोन गावात एकाकडे शाफ्ट बॅलन्स करायचं मशीन आहे, तिथे रिक्षात आडवा घालून नेला. एका बाजूला बोटाच्या पेराएवढी पट्टी लावावी लागली, बस्स.

गुरुवारी भंगारवाल्याचा टेम्पो आला. दर गुरुवारी येतो. पिंप जड झालं होतं म्हणून एक कान मीच धरला. मी स्वतः उचलून दिलं.

शुक्रवारी शाफ्ट चढवला आणि गाडी कल्याण रोडला काढली. कोनच्या पुढपर्यंत गेलो. चाळीस, पन्नास, साठ, ऐंशी. थरथर नाही, धक्का नाही, काही नाही. इतकं चांगलं काम मी आयुष्यात चार-पाच वेळाच केलं असेल. बरं वाटायला हवं होतं. गाडी वळवून परत आणली आणि वहिनीला फोन केला, झाली म्हणून.

शनिवारी डबे पोचवून ती गाळ्यावर आली. दुपारचा दीड वाजला होता, मी जेवायला बसणार होतो.

"गाडी एकदम गप झाली, भावजी."

"झाली ना. मग?"

"मस्त चालते. भांड्यांचा पन आवाज न्हाय." ती स्टुलावर बसली, पदराने मान पुसली. "आतमधे आपण एकटंच असल्यासारखं वाटतं."

मी डबा उघडला.

"माझा तुकडा द्या," ती म्हणाली.

"कुठला?"

तिने नुसतं माझ्याकडे बघितलं. आणि मग कुठे मला आठवलं. मी पिंपाकडे बघितलं. पिंप रिकामं, त्याच्या बुडाला शुक्रवारचा थोडा लोखंडाचा कीस.

माणूस चुकला की आधी काय करतो? ओरडतो. मी तेच केलं. "चीर गेली होती त्याला! तीन टिंबांचा होता तो, वहिनी. तीन टिंबं म्हणजे भंगार, हा नियम माझा नाही, तुझ्या नवऱ्याचा आहे. काय करणार होतीस त्याचं, देव्हाऱ्यात ठेवणार होतीस?"

"ते माझं मी बघितलं असतं. तुम्ही हो म्हणाला होता."

"मी सगळ्यालाच हो म्हणतो!"

"ते मना माहीत हाय," ती म्हणाली. "म्हणून तर दोनदा सांगितलं."

तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं, भांडता आलं असतं. मी जेवण तसंच झाकून ठेवलं आणि शटर ओढलं.

गाडी तिनेच चालवली. रस्ताभर गाडी गप्प. माझंच काम, माझ्याच कानाला नकोसं झालं होतं. मला फक्त एवढं कळत होतं, की दादाच्या हातचं जे शेवटचं तिने मागितलं होतं, ते मी उचलून दिलं, आणि भंगार गुरुवारचं, आज शनिवार. दोन दिवसांत माल भट्टीला जातो कधी कधी.

भंगारवाले चाचा युपीचे, दाढी पांढरी, पंचवीस वर्षांची ओळख. पत्र्याच्या कुंपणाच्या आत खुर्ची टाकून बसले होते. मी विचारलं तर म्हणाले, "गुरुवार का माल? वो उधर लूम के शाफ्ट के ऊपर डाला है. ट्रक सोमवार को आएगा. देख लो." मग वहिनीकडे बघून उठून उभे राहिले आणि खुर्ची पुढे केली. वहिनी बसली नाही. ती पदर खोचून सरळ ढिगाकडे गेली.

ढीग माझ्या डोक्याच्या वर होता. नुसते शाफ्ट. आमच्या आजूबाजूचे कारखाने एकेक करून विकले गेले, हे मला माहीत होतं, आमचं काम कमी झालं ते त्यामुळेच. लूम मोडून विकतात, लाकूड वेगळं, ओतीव बीड वेगळं, शाफ्ट वेगळे. पण ते सगळे शाफ्ट एका जागी मी कधी बघितले नव्हते. तेलाने काळे, त्यावर कापसाची रुई चिकटलेली, आणि सगळ्यांची तोंडं माझ्याकडे.

मी एक तोंड अंगठ्याने पुसलं. टिंब. दुसरं पुसलं. दोन टिंबं, खेटून. तिसरं पुसलं, तीन. चौथं माझं निघालं, लांब लांब. पाचवं परत दादाचं. मी पुसत गेलो. आपण तुकडा शोधतोय हे विसरलो आणि नुसती तोंडं पुसत गेलो. वीस-बावीस वर्षांतला त्याचा ठोका न् ठोका तिथे पडला होता. एक शाफ्ट तर चकचकीत, बेअरिंगची जागा आरशासारखी, आणि तोंडावर एकच टिंब.

"ये क्या है?" मी ओरडलो. चाचा धावत आले. "एक टिंब आहे याच्यावर! एक! ये अच्छा है, चाचा! अजून दोनदा भरता आला असता! याला भंगारात टाकायचं काय काम होतं? कोणी टाकला? किस गधे ने डाला?"

"अरे भाई, मशीन ही नहीं रही," चाचा म्हणाले. "शाफ्ट अच्छा है तो क्या करेगा?"

"अच्छा है ना! मग? एकच टिंब... दादाला तर एकपण..."

दादाला तर एकही टिंब नव्हतं. कधी दवाखाना नाही, कधी गोळी नाही, एकदाही भरला नव्हता तो, आणि मी त्याला सोडा पी म्हणालो. तो शाफ्ट दोन्ही हातांनी धरून मी खाली बसलो आणि रडलो. मोठ्याने रडलो, नाक गळत, लहान पोरासारखा, भर दुपारी, भंगाराच्या आवारात. टेम्पोवरची दोन माणसं काम थांबवून बघत होती. चाचांनी त्यांना हाताने जायला सांगितलं.

किती वेळ गेला माहीत नाही. वहिनी शेजारी येऊन उभी राहिली तेव्हा तिचे हात कोपरापर्यंत काळे झालेले होते.

"रडलात एकदाचे," ती म्हणाली. "घरात सगळी म्हणत होती, भावजी दगड झाले. मी म्हटलं, थांबा जरा."

"वहिनी, चुकलं माझं."

"ते तर चुकलंच. वर तोंड करून बोललात ते पन चुकलं. उठा आता." आणि तिने हातातली वस्तू पुढे केली. वीतभर दांडा, सुटलेले पापुद्रे, बुडाशी चीर. तोंडावर तीन टिंबं. तिला ती पुसून बघावी लागली नव्हती. नुसत्या अंगठ्याने चाचपून ओळखली म्हणाली, आणि मला ते खरं वाटलं.

चाचांनी वजन करायला घेतलं नाही. एका टिंबाचा तो शाफ्टही घेऊन जा म्हणाले. मी तो परत ढिगावर ठेवला. नेऊन काय केलं असतं, लूमच राहिले नाहीत. चाचांनी चहा मागवला होता, तो गोड होता, फारच गोड, आणि मला तो गोड लागला हे माझ्या लक्षात आलं.

परत निघालो. वहिनीने दांडा पदराने पुसला आणि स्टिअरिंगसमोरच्या उघड्या खणात ठेवला, जिथे दादाची तंबाखूची डबी असायची. कल्याण रोडला लागलो. वीस, तीस. चाळिसाला गाडी आली आणि खणातून बारीक खडखड सुरू झाली. शाफ्टची नव्हे. तुकड्याची, पत्र्यावर.

मला असला आवाज सहन होत नाही, धंद्याची खोड आहे. माझा हात आपोआप पुढे गेला. "खाली फडकं घालतो," मी म्हणालो.

"हात लावाल तर बघा," वहिनी म्हणाली.

मी हात मागे घेतला. थोडं पुढे गेल्यावर तिने विचारलं, "घरी येता का जेवायला? गाळ्यावरचा डबा गार झाला असंल."

"काय केलंय?" मी विचारलं.

तिने माझ्याकडे एकदा वळून बघितलं. "सुकट. वांगं घालून."

"मग येतो."

पन्नासाच्या पुढे गेलं की इंजिनाच्या आवाजात ती खडखड बुडून जाते, हे मला कळत होतं आणि तिलाही कळलं असणार. ती पन्नासावर गेलीच नाही. मोकळा रस्ता, नवा शाफ्ट, ऐंशीला न हलणारी गाडी, आणि ती काटा चाळिसावर धरून बसली. मागे कंटेनरवाला हॉर्नवर हॉर्न मारत होता.

"मारू दे," मी म्हणालो.